डर्बीचा रविवार आणि मालवणची मनीऑर्डर

या व्याख्यानमालेसाठी आम्ही विषय कळविला तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हाला हटकले. "किनाऱ्यावरच्या माणसांपुढे घोड्यांच्या शर्यतीवर बोलणार? म्हणजे पंढरपुरात जाऊन सुरमई कशी कापावी ते सांगण्यासारखे झाले!" त्यांचे म्हणणे वरवर पाहता खोटे नाही. आचऱ्यापासून शिरोड्यापर्यंतच्या पट्टीत घोडा हा प्राणी दशावतारातल्या कथेत भेटावयाचा, नाहीतर कॅलेंडरावरच्या चित्रात. आमचे जनावर बैल, आमचे वाहन होडी. पण आमच्या प्रत्येक घरातला एक माणूस मुंबईला होता, आणि मुंबईत तो जेथे राहत होता त्या लालबाग-परळपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर महालक्ष्मीचे मैदान होते. घरची चूल त्याच्या मनीऑर्डरीवर पेटत होती. तेव्हा मनीऑर्डरीचा इतिहास लिहावयाचा तर वाटेत तो घोडा आडवा येतोच. त्याला वळसा घालून जाणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

घोड्यावर लावलेली आपल्याकडची सर्वांत जुनी पैज कोणती, असे कोणी विचारले तर महाभारताच्या आदिपर्वाकडे बोट दाखवावे लागेल. कद्रू आणि विनता या दोघी सवतींनी उच्चैःश्रव्याच्या शेपटीच्या रंगावर पैज लावली. हरणारीने दुसरीची दासी व्हावयाचे. शेपटी पांढरी होती. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला लटकावयास सांगितले, शेपटी काळी दिसली आणि विनता दासी झाली. पुढे गरुडाने आईला सोडविले, ती कथा आपल्या दशावतारी मंडळींनी अनेकदा रंगविलेली आहे. आम्हाला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, घोड्यावरच्या पहिल्या पैजेतच लबाडी होती आणि हरणाऱ्याचे ऋण पुढच्या पिढीला फेडावे लागले. वाजपेय यज्ञात तर सतरा रथांची शर्यत असे, आणि त्यात यजमानाचाच रथ पहिला यावयाचा हे आधीपासून ठरलेले असे. शर्यत 'ठरविणे' ही कला आम्ही साहेबाकडून शिकलो, हा समज यावरून सोडून द्यावयास हरकत नाही.

शास्त्रकारांनी या प्रकाराला स्वतंत्र नावही दिले होते. फासे, कवड्या अशा निर्जीव वस्तूंवर खेळले जाते ते 'द्यूत', आणि सजीव प्राण्यांवर पैज लावून खेळले जाते ते 'समाह्वय', असा भेद मनुस्मृतीत आहे. राजाने दोन्ही बंद करावीत असे मनूचे मत. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला, खेळ एका ठिकाणी आणला आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच सरकारात जमा करावयास सांगितले. मनूचा मार्ग आणि कौटिल्याचा मार्ग, हे दोन्ही मार्ग पुढे मुंबई सरकारने एकाच वेळी कसे चालविले, ते आपण पाहणार आहोत.

घोडा आमच्या भूमीत रुजला नाही, पण आमच्या समुद्रावरून तो शतकानुशतके गेला. इराणच्या आखातातून, होर्मुझहून निघालेली तारवे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत घोडे उतरवीत. दक्षिणेतल्या सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना घोडदळासाठी दरवर्षी नवे घोडे लागत, कारण दख्खनच्या हवेत त्यांची पैदास नीट होत नसे. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्याजवळ जवळजवळ सारे भांडवल घालून आणलेला एकच घोडा होता. जुन्नरच्या सुभेदाराने तो काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत मिळेल असे सांगितले. एका खुरासानी सरदाराने मध्यस्थी केली म्हणून घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. एका घोड्यावर सर्वस्व लावून या किनाऱ्यावर आलेला हा गृहस्थ आम्हाला फार ओळखीचा वाटतो. पुढे पोर्तुगीजांनी गोव्यात या व्यापाराची मक्तेदारी धरली. १५४७ मध्ये विजयनगरशी केलेल्या तहात, गोव्यात उतरलेले घोडे आदिलशहाकडे न जाता विजयनगरला जावेत, हे कलम मुद्दाम घातलेले होते. मालवणच्या कोळ्याने ती तारवे दुरून जाताना पाहिली असतील. त्यांतला घोडा त्याच्या कामाचा नव्हता.

साहेबाचा घोडा मात्र शर्यतीचा. मुंबईत टर्फ क्लब स्थापन झाला १८०२ मध्ये. याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. इंग्रजांचा आणि मालवणचा संबंध याच्याही आधीचा. १७६५ मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले होते, पण तो किल्ला कोल्हापूरकरांना परत द्यावा लागला. १८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ला ही दोन्ही कायमची त्यांच्याकडे गेली. म्हणजे ज्या दहा वर्षांत भायखळ्याच्या मैदानावर शर्यती स्थिरावल्या, त्याच दहा वर्षांत आमचा किनारा मुंबईच्या दावणीला बांधला गेला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही एकाच सत्तेच्या सावलीत वाढल्या, एवढेच.

भायखळ्याला धावत ते बहुतेक अरबी घोडे. आखातातून अरब सौदागर ते आणीत, शहरात त्यांच्या पागा असत आणि लष्करातले अधिकारी तेथून घोडे निवडीत. १८६४ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब उभा राहिला. ते साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते, मुंबईत पैशाचा पूर आला होता, आणि प्रेमचंद रायचंदांच्या शेअरांच्या सट्ट्यात सारे शहर बुडी मारून बसले होते. १८६५ च्या जुलैत तो फुगा फुटला. शेअर बुडाले, बँका बुडाल्या, पण शर्यती चालू राहिल्या. १८८३ मध्ये त्या भायखळा सोडून महालक्ष्मीच्या नव्या मैदानावर गेल्या. १९३५ मध्ये पंचम जॉर्जने क्लबला 'रॉयल' ही पदवी दिली आणि ती आजही त्याच्या नावात आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गंमत तेथे आहे. मुंबईच्या बाजारात त्या काळी पावसावर सट्टा चाले. छपरावरचे पन्हळ अमुक वेळेत वाहील की नाही यावर पैसे लागत. १८८७ मध्ये मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा झाला. १८८९ मध्ये पावसाच्या सट्ट्याचा खटला उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा हा प्रकार कायद्याच्या शब्दांत बसत नाही असे ठरले. सरकारने लगेच १८९० मध्ये कायदा दुरुस्त करून पावसालाही आत घेतले. आकाशातला पाऊस कायद्यात सापडला, पण घोडा सापडला नाही. पैज लावणे हा जुगार, मात्र परवाना असलेल्या मैदानाच्या राखीव आवारात, शर्यतीच्या दिवशी, घोड्यावर लावलेली पैज हा जुगार नव्हे, असा अपवाद कायद्यात आहे. मग १९१२ मध्ये शर्यतीच्या मैदानांना परवाना देण्याचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये पैजेवर कर बसविणारा. बाजारातल्या माणसासाठी मनू आणि आवारातल्या माणसासाठी कौटिल्य!

हे आवार कोणाचे होते? सभासदांचा कक्ष वेगळा, पहिल्या वर्गाचे आवार वेगळे, दुसऱ्या वर्गाचे वेगळे. गव्हर्नर, संस्थानिक, गिरणीमालक एका बाजूला. दुसऱ्या वर्गाच्या कठड्याला टेकलेला, डोक्यावर रुमाल बांधलेला, हातात पेन्सिलीने खुणा केलेली 'कोल'ची पुस्तिका धरलेला माणूस दुसऱ्या बाजूला. हा माणूस कोण होता ते आपण आपल्या घरात विचारावे. १९११ च्या शिरगणतीत मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि मालवण, वेंगुर्ला, देवगड हे तालुके तेव्हा रत्नागिरीतच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. हे सारे लोक शर्यतीला जात होते असे मुळीच नाही. बहुतेकांनी महालक्ष्मीचे मैदान लोकलच्या खिडकीतूनच पाहिले. पण जे जात होते ते दिसत नसत असेही नाही.

चाकरमान्याचे जिणे कसे होते ते नव्या पिढीला सांगावे लागते. गावाच्या नावाने घेतलेली एक खोली. तीत वीस-पंचवीस माणसांच्या पेट्या भिंतीला लावलेल्या, आणि पाळीप्रमाणे झोपणारी माणसे. जेवण खानावळीत. बायकामुले गावी. महिन्याला पगार, पगारातून खानावळ, खोलीचे भाडे, सावकाराचे व्याज, आणि उरलेल्यातून मनीऑर्डर. १९३६ च्या वेतनाच्या कायद्याप्रमाणे हजारावर कामगार असलेल्या कारखान्याने महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार द्यावयाचा असे. शर्यती मात्र नोव्हेंबर ते एप्रिल या मुंबईच्या मोसमात आठवड्याच्या आठवड्याला. म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मैदानावर जाणाऱ्याच्या खिशात बहुधा स्वतःचा पैसा नसे. तो खानावळीचा असे, सावकाराचा असे, किंवा खोलीतल्या भिशीचा असे. पगाराच्या दिवशी तो आधी फेडावा लागे. पोस्टाच्या खिडकीशी पोचणारा पैसा सर्वांत शेवटचा. पैज हरली तर मालक, सावकार, खानावळवाली यांच्यापैकी कोणाचेही काही जात नसे. जाई ते मालवणच्या मनीऑर्डरीतून.

आणि पैज हरण्याचीच शक्यता अधिक का असते, ते थोडक्यात पाहू. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवून निव्वळ अंकगणित म्हणून पाहू. मैदानावर पैसे लावण्याचे दोन मार्ग. एक बुकीचा: तो भाव सांगतो, एकास पाच, एकास दहा, आणि हिशेब त्याचा नि तुमचा. दुसरा टोटचा. ही पद्धत जोसेफ ओलेर याने १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये काढली. तीत सगळ्यांचे पैसे एका राशीत जमा होतात, त्यांतून क्लबचा वाटा नि सरकारचा कर वजा होतो, आणि उरलेली रास जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते. टोटला कोणता घोडा जिंकतो याची पर्वा नाही. समजण्यासाठी धरून चालू की, वजावट शेकडा २० आहे. सर्व खेळणाऱ्यांचे मिळून १०० रुपये लागले तर परत येतात ८०. ते ८० पुढच्या शर्यतीवर लावले तर येतात ६४. दिवसाला आठ शर्यती धरल्या आणि दर वेळी सारे परत लावले, तर आठव्या शर्यतीनंतर त्या शंभरातले सुमारे १७ रुपये खेळणाऱ्यांच्या हाती उरतात. कोणा एकाला पाचशे मिळतील, कोणाची पाटी कोरी होईल, पण सर्वांची बेरीज ही अशी. 'विन'ऐवजी जॅकपॉट लावला, लागोपाठच्या पाच शर्यतींतले पाचही विजेते सांगितले, तर मिळकत मोठी दिसते. पण शंभरातले वजावटीचे रुपये निघून जातात ते जातातच.

आमच्या वाडीतला एक म्हातारा, आयुष्याची तीस वर्षे मुंबईत काढून परतलेला, हे सारे गणित एका वाक्यात सांगत असे: "धावता घोडो आणि दमता आमचो पैसो." आम्ही त्याला विचारले, "मग जात कशाक होतास?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तेच्या आवारात माका कोण नाव विचारी नाय." याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला. गिरणीत मुकादम, खोलीत गाव, गावात मानकरी. सगळीकडे त्याची जागा ठरलेली होती. त्या कठड्याशी मात्र दोन-अडीच मिनिटे तो आणि बडोद्याचे महाराज एकाच घोड्याकडे पाहत असत.

बडोद्याच्या महाराजांचे नाव उगाच घेतलेले नाही. इंग्लंडमध्ये एप्सम येथे १७८० पासून डर्बी धावते. तिच्या धर्तीवर मुंबईत १९४३ मध्ये भारतीय डर्बी सुरू झाली. अंतर तेच, दीड मैल, म्हणजे आजचे २४०० मीटर. ती पहिली डर्बी 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने जिंकली. घोडी बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांची, आणि स्वार एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने मेली, आणि मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. प्रतापसिंहरावांचे मन पुढे महालक्ष्मीवरही रमले नाही. १९४५ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये एक शिंगरू २८,००० गिनींना घेतले. शिंगरासाठी तेवढी किंमत तोवर कोणी दिली नव्हती. त्याचे नाव त्यांनी आपल्या आजोबांवरून 'सयाजीराव' ठेवले, आणि १९४७ मध्ये त्या सयाजीरावाने इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. ज्या सयाजीरावांनी सक्तीचे शिक्षण आणि गावोगावची ग्रंथालये दिली त्यांचे नाव घोड्याला द्यावे, यात प्रेम होते की विस्मरण, ते आम्हाला ठरविता आलेले नाही. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने महाराजांची मान्यता काढून घेतली. घोड्यांच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव अबाधित आहे.

संस्थानिक गेले, त्यांच्या जागी उद्योगपती आले. स्वारांमध्येही पांडू खाडे यांच्यासारखी मराठी नावे ऐकू येऊ लागली. दुसऱ्या वर्गाच्या आवाराला याचा कोण अभिमान! डर्बी हल्ली फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. शिवाय मार्चच्या सुमारास भारतीय टर्फ इन्व्हिटेशन कपचा शनिवार-रविवार असतो. तो एका शहराचा नव्हे. मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर, हैदराबाद येथील क्लबांकडे तो आळीपाळीने जातो, आणि देशभरातले निवडक घोडे तेथे एकत्र येतात: १२०० मीटरचे वेगवान, १६०० चे, ३००० मीटरचे दमदार, आणि २४०० मीटरवर मुख्य चषकाचे मानकरी. त्या दोन दिवसांत इतर वेळी न खेळणारा माणूसही खेळतो. लग्नातल्या जेवणात पथ्य मोडावे तसे ते आहे.

याच दिवसांत आपल्याकडे आंगणेवाडीची जत्रा येते. भराडीदेवीच्या जत्रेला पंचांगातली तिथी नाही. कौल घेऊन दिवस ठरतो आणि तो बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो. पाठोपाठ शिमगा. म्हणजे गावी जाण्याच्या भाड्यासाठी, देवीच्या ओटीसाठी, मुलांच्या कपड्यांसाठी पैसा साठवावयाचे जे दिवस, तेच डर्बीचे दिवस. काही जण मैदानावर जात ते नेमक्या याच कारणासाठी. हौसेपेक्षा भाड्याची तूट त्यांना तिकडे नेत असे. गावी देवापुढे गाऱ्हाणे घालताना "व्हय म्हाराजा" म्हणणारे ओठ मैदानावर कोणत्या तरी घोड्याचे इंग्रजी नाव पुटपुटत असत. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच.

ज्यांना मैदानापर्यंतही जाता येत नसे त्यांच्यासाठी मैदान चाळीत आले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत, आणि त्यांच्या आकड्यांवर पैज लागे. १९६१ मध्ये ते आकडे येणे बंद झाले. मग कल्याणजी भगत याने १९६२ मध्ये वरळीला आणि रतन खत्री याने १९६४ मध्ये स्वतंत्रपणे आकडे काढावयास आरंभ केला, आणि 'मटका' हा शब्द, त्याचा जुना अर्थ मागे टाकून, घरोघर गेला. त्यात सकाळच्या चहाच्या पैशांचा आकडा लावता येई. जाण्यायेण्याचा खर्च नाही, प्रवेशाचे तिकीट नाही, कपडे धुवावयाचेही कारण नाही. गिरणगाव त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले. मालवणच्या बाजारपेठेतही आकडा लागू लागला.

आता न्यायालय काय म्हणाले ते पहा. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्याचा निकाल दिला. विषय होता बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून युधिष्ठिर, मनू, याज्ञवल्क्यापर्यंत सारी परंपरा उलगडून दाखविली आणि सांगितले की, जुगार हा व्यापार नव्हे, त्याला घटनेचे संरक्षण नाही. कौशल्याचा खेळ मात्र वेगळा. पुढे तमिळनाडू सरकारने १९७४ मध्ये घोड्यांच्या शर्यती बंद करणारा कायदा केला. तो वाद रेंगाळत १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निर्णय असा की, घोड्याचे कूळ, स्वाराचे कसब, वजन, धाव, मागील कामगिरी हे सारे अभ्यासून पैज लावता येते, म्हणून घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, केवळ दैवाचा नव्हे.

निकालाशी वाद घालण्याची आमची पात्रता नाही, आणि तर्क म्हणून तो पटण्यासारखा आहे. घोड्याची वंशावळ खरोखरच अभ्यासता येते. खत्रीच्या मटक्यातून निघणारा पत्ता अभ्यासता येत नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारावयास हवा. कौशल्य कोणाचे? घोडा पोसणाऱ्याचे, शिकविणाऱ्याचे, स्वाराचे आणि ज्याला पागेतली बातमी वेळेवर मिळते त्याचे. दुसऱ्या वर्गाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या, रात्रपाळी करून आलेल्या जॉबरला त्या वंशावळीचा काय उपयोग होता? त्याच्यापुरती शर्यत आणि मटका यांत फरक एवढाच की, एकात त्याचा पैसा सनदशीर मार्गाने जाई आणि दुसऱ्यात पोलीस त्याला धरून नेत. शर्यती बंद कराव्यात असे आम्ही सुचवीत नाही. दारूबंदीच्या काळात मुंबई राज्याने काय अनुभव घेतला तो आपल्या स्मरणात आहे, आणि बंद दारांमागचा बुकी उघड्या टोटपेक्षा अधिक निर्दय असतो. आमची तक्रार फक्त एवढीच की, दोन माणसांची एकच चूक दोन नावांनी नोंदली गेली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अनेक जण गावी परतले ते पुन्हा गेले नाहीत. त्या मोसमातही डर्बी धावली. गिरण्यांच्या जागी पुढे उंच इमारती आल्या, आणि आता त्यांच्या गच्चीवरून मैदान फुकट दिसते. मैदानाचाही विस्तार आटला. २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेली आणि ९१ एकर क्लबकडे भाडेपट्ट्याने राहिली. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० झाला. कौटिल्याचे शेकडा पाच आणि तेही जिंकलेल्यातून, हे पाहता त्याला आपण उगाच कठोर म्हणतो. आणि चाळीतला मटका आता खिशातल्या फोनमध्ये शिरला. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, तोवर देवबागच्या वाळूत बसूनही माणसाला हरण्याची सोय झालेली होती.

शेवटी आमच्या घरातली एक वस्तू. आमचे एक चुलत आजोबा लालबागला एका गिरणीत होते. त्यांनी आजीला पाठविलेल्या मनीऑर्डरींची कूपने तिने फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्याने बांधून ठेवली होती. मनीऑर्डर घेतल्यावर खालचा तुकडा घेणाऱ्याकडे राहतो, तो हा. १९५१ पासून १९५८ पर्यंतची कूपने आम्ही तारीखवार लावली. नेहमीची रक्कम २५ रुपये. पावसाळ्यात भातलावणीसाठी थोडी जास्त. पण आठांपैकी पाच वर्षांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत रक्कम उतरलेली: १५, १२, एकदा ८. एका फेब्रुवारीचे कूपनच नाही, आणि त्या मार्चच्या कूपनावर, "तब्येत बरी. काळजी नसावी. पैसे पुढे भरून काढीन," एवढेच. याचा अर्थ आजोबा शर्यतीला जात असा होतो काय? निश्चितपणे नाही. शिमग्याला येण्यासाठी भाडे बाजूला ठेवले असेल, आजार झाला असेल, खोलीत कोणाला उसने दिले असतील. आजीने कधी काही सांगितले नाही, आणि आम्ही विचारले तेव्हा तिने डबा परत मागून घेतला. एका घरच्या कूपनांवरून इतिहास ठरत नाही. शंभर घरांची मिळाली तर मोसमातले महिने आणि पावसाळ्यातले महिने समोरासमोर मांडून पाहता येतील, जत्रेच्या तारखा त्यांच्याशेजारी ठेवता येतील, आणि मग जो काही अर्थ निघेल तो निघेल. म्हणून आमची या सभेला विनंती आहे. आपापल्या घरच्या फडताळांत, देवाच्या खोलीत, माळ्यावर असे डबे असतील. वाळवी लागण्यापूर्वी ते उघडावेत. नावे झाकून, फक्त महिना आणि रक्कम लिहून दिली तरी चालेल. कूपनावर जर काही मजकूर असेल, तर तो मात्र जसाच्या तसा उतरून घ्यावा.